प्रकरण ७ : नव्वद वाचतात, दहा दगावतात

“या ऑपरेशनमध्ये शंभरातले नव्वद पेशंट वाचतात,” असं डॉक्टरांनी सांगितलं की नातेवाईक संमतिपत्रावर सही करतात. तेच डॉक्टर “शंभरातले दहा दगावतात” असं म्हणाले, तर तेच नातेवाईक म्हणतात, “जरा घरी बोलून सांगतो.” गणित एकच आहे, हे दोन्ही वेळा सगळ्यांना कळतं. मग मन का बदलतं? आकडा तोच असताना एकदा धीर येतो आणि एकदा पोटात गोळा येतो, असं का होतं?

हा प्रश्न गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षं मानसशास्त्रज्ञ, डॉक्टर आणि अर्थशास्त्रज्ञ अभ्यासत आहेत. एकच धोका कोणत्या शब्दांत मांडला यावरून माणसाचा निर्णय बदलणं, याला ‘फ्रेमिंग इफेक्ट’ म्हणतात. आपण त्याला मांडणीचा परिणाम म्हणू. आधी दोन गाजलेले प्रयोग पाहू, मग मनात नेमकं काय घडतं ते समजून घेऊ आणि त्यानंतर औषध, लस व विमा या रोजच्या व्यवहारांकडे वळू.

१. कॅन्सरचे तेच आकडे, दोन तऱ्हांनी

१९८२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात बार्बरा मॅकनील आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. विषय होता फुप्फुसाच्या कॅन्सरवरचे दोन उपचार : शस्त्रक्रिया आणि रेडिएशन. लोकांना सांगितलं होतं की समजा हा आजार तुम्हाला झाला आहे. पुढचे आकडे वाचा आणि यातला कोणता उपचार घ्याल ते सांगा.

पहिल्या गटाला ‘किती जगतात’ ते सांगितलं. शस्त्रक्रिया केलेल्या १०० जणांपैकी ९० जण त्यातून सुखरूप बाहेर पडतात, ६८ जण वर्षाअखेर जिवंत असतात आणि ३४ जण पाच वर्षांनंतर. रेडिएशन घेतलेल्या १०० जणांपैकी उपचाराच्या काळात सगळे १०० जगतात, वर्षाअखेर ७७ आणि पाच वर्षांनंतर २२.

दुसऱ्या गटाला ‘किती मरतात’ ते सांगितलं. शस्त्रक्रियेच्या वेळी १० मरतात, वर्षाअखेरपर्यंत ३२, पाच वर्षांत ६६. रेडिएशनच्या वेळी एकही मरत नाही, वर्षाअखेरपर्यंत २३ आणि पाच वर्षांत ७८.

वजाबाकी करून पाहिली तर दोन्ही तक्ते एकच आहेत. तरीही ‘किती जगतात’ ऐकलेल्या गटात १८ टक्के लोकांनी रेडिएशन निवडलं, तर ‘किती मरतात’ ऐकलेल्या गटात ४४ टक्क्यांनी.

कारण पहिल्याच ओळीत आहे. जगण्याच्या भाषेत ९० आणि १०० यांतलं अंतर किरकोळ वाटतं. दोन्ही आकडे मोठे, दोन्ही दिलासा देणारे. मरणाच्या भाषेत तेच अंतर १० आणि शून्य यांच्यातलं होतं. एकीकडे मृत्यू आहे, दुसरीकडे नाहीच. त्यामुळे शस्त्रक्रियेच्या टेबलावरचा मृत्यू डोळ्यांसमोर उभा राहतो आणि पाच वर्षांनंतरचा ३४ विरुद्ध २२ हा फायदा मागे पडतो.

यात भाग घेणाऱ्यांचे तीन गट होते : जुन्या दुखण्यांवर उपचार घेणारे रुग्ण, संख्याशास्त्र शिकलेले विद्यार्थी आणि प्रत्यक्ष डॉक्टर. मांडणीचा परिणाम तिन्ही गटांत दिसला. आकडे रोज हाताळणारा माणूसही त्यातून सुटला नाही, हा या अभ्यासातला सर्वांत महत्त्वाचा धडा.

२. सहाशे माणसांचा प्रश्न

त्याच्या एक वर्ष आधी, १९८१ मध्ये, एमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानमन या दोन इस्रायली मानसशास्त्रज्ञांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक काल्पनिक प्रश्न मांडला होता. एका नव्या साथीत ६०० माणसं मरतील असा अंदाज आहे. सरकारपुढे दोन योजना आहेत.

योजना ‘अ’ राबवली तर २०० माणसं वाचतील. योजना ‘ब’ राबवली तर ६०० च्या ६०० वाचण्याची शक्यता एकतृतीयांश आहे आणि एकही न वाचण्याची शक्यता दोनतृतीयांश.

७२ टक्के लोकांनी ‘अ’ निवडली. हातचे दोनशे जीव सोडून जुगार कशाला खेळायचा, असा त्यामागचा विचार.

मग दुसऱ्या गटाला तीच साथ देऊन योजनांची भाषा बदलली. योजना ‘क’ राबवली तर ४०० माणसं मरतील. योजना ‘ड’ राबवली तर एकही न मरण्याची शक्यता एकतृतीयांश आणि ६०० च्या ६०० मरण्याची शक्यता दोनतृतीयांश.

आता ७८ टक्के लोकांनी ‘ड’ निवडली. चारशे माणसांचं मरण आपल्या हातानं कसं मंजूर करायचं? त्यापेक्षा सगळ्यांना वाचवण्याचा प्रयत्न तरी करू, असं त्यांना वाटलं.

‘अ’ आणि ‘क’ एकच आहेत, कारण ६०० मधून २०० वाचले म्हणजे ४०० गेले. ‘ब’ आणि ‘ड’ही एकच. शिवाय सरासरी काढली तर चारही योजनांत २०० जीवच वाचतात. फक्त ‘वाचतील’च्या जागी ‘मरतील’ आलं आणि सावध असलेली माणसं धोका पत्करायला तयार झाली.

३. मनाचा तराजू

हे का घडतं, याचं उत्तर कानमन आणि ट्वर्स्की यांनी १९७९ मध्येच एका सिद्धांतात दिलं होतं. त्याचं नाव ‘प्रॉस्पेक्ट थिअरी’. याच कामासाठी कानमन यांना २००२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ट्वर्स्की १९९६ मध्येच निवर्तले होते. गणिती सूत्रं बाजूला ठेवली तर सिद्धांताचा गाभा तीन गोष्टींत सांगता येतो.

पहिली गोष्ट : आपण नफा-तोटा कुठून तरी मोजायला सुरुवात करतो. पगारवाढ पाच हजारांची होईल असं धरून बसलेल्याला तीन हजारांची वाढ मिळाली, तर त्याला दोन हजार गेल्यासारखं वाटतं. काहीच अपेक्षा न ठेवलेल्याला तेच तीन हजार मिळाल्याचा आनंद होतो. मोजणी जिथून सुरू होते त्या जागेला ‘संदर्भबिंदू’ म्हणतात. ‘२०० वाचतील’ हे वाक्य आपल्याला सगळे मेले आहेत या बिंदूवर उभं करतं. तिथून प्रत्येक जीव ही कमाई. ‘४०० मरतील’ हे वाक्य सगळे जिवंत आहेत या बिंदूवर उभं करतं. तिथून प्रत्येक जीव हा तोटा.

दुसरी गोष्ट : तोटा नफ्यापेक्षा जास्त लागतो. हजार रुपये सापडल्याचा आनंद आणि हजार रुपये हरवल्याची चुटपुट सारखी नसते; निरनिराळ्या प्रयोगांत तोट्याचं वजन साधारण दुप्पट भरलं आहे. ज्या तराजूची दांडी बरोबर मध्यावर टांगलेली नसते, त्याच्या एका पारड्यात टाकलेला माल खऱ्या वजनापेक्षा जास्त भरतो. आपल्या मनाचा तराजू तसा आहे. आकडा खोटा नसतो, पण सांगणाऱ्यानं तो तोट्याच्या पारड्यात टाकला की जड होतो आणि नफ्याच्या पारड्यात टाकला की हलका. असा तराजू ओळखायची जुनी रीत म्हणजे पारडी बदलून पुन्हा तोलणं. उपायांकडे येऊ तेव्हा तीच रीत कामी येईल.

तिसरी गोष्ट : नफा समोर असला की माणूस सावध होतो आणि तोटा समोर असला की धाडसी. १९७९ च्या अभ्यासात लोकांना विचारलं होतं : खात्रीचे ३,००० घ्याल की ४,००० मिळण्याची ८० टक्के शक्यता घ्याल? सरासरीनं पाहिलं तर दुसरा पर्याय ३,२०० चा आहे, म्हणजे सरस. तरी ८० टक्के लोकांनी खात्रीचे ३,००० घेतले. मग उलटं विचारलं : खात्रीनं ३,००० गमावाल की ४,००० गमावण्याची ८० टक्के शक्यता पत्कराल? आता दुसरा पर्याय सरासरीनं ३,२०० च्या तोट्याचा, म्हणजे वाईट. तरी ९२ टक्के लोकांनी तोच पत्करला. पक्का तोटा टाळण्यासाठी माणूस अधिक मोठ्या तोट्याचा डाव खेळतो. पडलेला शेअर ‘वर आला की विकू’ म्हणत वर्षानुवर्षं धरून बसणारे गुंतवणूकदार हेच करत असतात.

४. ‘दुप्पट धोका’ म्हणजे किती?

आतापर्यंत वाचणं आणि मरणं या दोन बाजू पाहिल्या. मांडणीचा दुसरा प्रकार त्याहून फसवा आहे : ‘धोका दुप्पट झाला’, ‘धोका निम्म्यावर आला’ अशी वाक्यं. ती ऐकताना एक प्रश्न विचारायचा राहून जातो : कशाच्या दुप्पट?

ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीनं इशारा दिला की काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्तवाहिनीत गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. ही बातमी देशभर पसरली आणि घाबरलेल्या अनेक स्त्रियांनी गोळ्या बंद केल्या. त्या इशाऱ्यामागचा आकडा असा होता : जुन्या गोळ्या घेणाऱ्या सुमारे ७,००० स्त्रियांमध्ये एकीला गुठळी व्हायची, नव्या गोळ्या घेणाऱ्या ७,००० मध्ये दोघींना. ‘दुप्पट’ हे खरं आणि ‘सात हजारांत एकीची भर’ हेही खरं. पण लोकांपर्यंत फक्त पहिलं वाक्य पोचलं. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३,००० जादा गर्भपात झाल्याचा अंदाज आहे. शिवाय गरोदरपणात गुठळी होण्याचा धोका त्या गोळ्यांपेक्षा जास्त असतो. ज्या धोक्याला भिऊन गोळ्या सोडल्या, त्याहून मोठ्या धोक्यात त्या स्त्रिया सापडल्या.

आता उलट दिशेचं उदाहरण. १९९५ मध्येच पश्चिम स्कॉटलंडमधला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. कोलेस्टेरॉल जास्त असलेल्या पुरुषांना सुमारे पाच वर्षं प्रावास्टॅटिन हे औषध देऊन पाहिलं होतं. औषध न घेणाऱ्या दर १,००० जणांपैकी त्या काळात ४१ जण मरण पावले, औषध घेणाऱ्या १,००० पैकी ३२. हा निकाल तीन तऱ्हांनी सांगता येतो :

• या औषधानं मृत्यूचा धोका २२ टक्क्यांनी घटतो. (४१ मधून ९ कमी झाले, ९ भागिले ४१.)

• मृत्यूचं प्रमाण ४.१ टक्क्यांवरून ३.२ टक्क्यांवर येतं, म्हणजे ०.९ टक्क्यानं कमी होतं.

• एक मृत्यू टाळण्यासाठी सुमारे १११ जणांनी पाच वर्षं औषध घ्यावं लागतं.

तिन्ही वाक्यं अचूक आहेत. पहिलं ऐकणारा आजच औषध सुरू करील, तिसरं ऐकणारा विचारात पडेल. जाहिरातीत बहुधा पहिलंच वाक्य असतं. याचा अर्थ औषध निरुपयोगी आहे असा मुळीच नाही. ज्याचा मूळ धोका जास्त, त्याला त्याचा फायदाही जास्त. पण आपला मूळ धोका किती, हे कळल्याशिवाय ‘२२ टक्के’ या आकड्यावरून काहीही ठरवता येत नाही.

५. छेदाशिवाय अंश

तिसरा प्रकार शाळेतल्या अपूर्णांकांशी जोडलेला आहे. अपूर्णांकात वर अंश असतो, खाली छेद. धोक्याच्या बातमीत बहुतेक वेळा वरचा आकडा असतो आणि खालचा गायब असतो.

छेद दिला तरी मन त्याच्याकडे नीट बघत नाही, असं जपानी संशोधक यामागिशी यांना १९९७ मध्ये आढळलं. ‘१०,००० पैकी १,२८६ जण मरतात’ असं सांगितलेला आजार लोकांना ‘१०० पैकी २४.१४ जण मरतात’ असं सांगितलेल्या आजारापेक्षा भयंकर वाटला. प्रत्यक्षात पहिला धोका १२.८६ टक्के, दुसरा २४.१४ टक्के, म्हणजे जवळजवळ दुप्पट. तरीही मनावर उमटली ती १,२८६ माणसं.

आपल्याकडे याचा अनुभव २०२४ मध्ये आला. अ‍ॅस्ट्राझेनेका कंपनीनं ब्रिटनमधल्या न्यायालयात मान्य केलं की त्यांच्या कोविड लसीमुळे फार क्वचित प्रसंगी रक्तात गुठळ्या होऊन प्लेटलेट कमी होऊ शकतात. हीच लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं ‘कोविशील्ड’ नावानं बनवली होती आणि भारतात कोट्यवधी लोकांनी घेतली होती. ‘लसीमुळे गुठळ्या होतात, कंपनीची कबुली’ एवढंच वाक्य मोबाइलवर फिरलं आणि तीन वर्षांपूर्वी डोस घेतलेली माणसं रक्त तपासून घेण्याच्या गोष्टी करू लागली.

छेद मात्र तीन वर्षं आधीच उपलब्ध होता. मे २०२१ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं सांगितलं होतं की भारतात अशा संभाव्य घटनांची नोंद दर १० लाख डोसमागे ०.६१ आहे. ब्रिटनसाठी हाच आकडा ४ आणि जर्मनीसाठी १० दिला होता. आपल्याकडे नोंदी कमी झाल्या असं धरून भारताचा आकडा दहापट केला, तरी दहा लाखांत सहा होतात. शिवाय ही गुंतागुंत झालीच तर डोसनंतरच्या काही आठवड्यांत होते. तीन वर्षांनी घाबरण्याचं कारण नव्हतं. ज्या घरातलं माणूस अशा दुर्मीळ गुंतागुंतीत गेलं, त्या घराचं दुःख कोणत्याही छेदानं लहान होत नाही, आणि त्यांना न्याय मिळायलाच हवा. पण ‘आता मी काय करू?’ हे ठरवणाऱ्या बाकीच्यांना छेद सांगितलाच पाहिजे.

६. ‘वाया गेलेला’ हप्ता

पैशाच्या व्यवहारात ही मांडणी सर्वांत जास्त दिसते ती विम्यात. टर्म प्लॅन घेतला आणि मुदतीत मृत्यू झाला नाही, तर काहीच परत मिळत नाही. “एवढी वर्षं हप्ते भरले, सगळे वाया गेले,” असं लोक म्हणतात. संदर्भबिंदू ‘भरलेले पैसे’ हा धरल्यामुळे सुखरूप जगणंसुद्धा तोटा वाटू लागतं. हे ओळखून ‘जगलात तर सगळे हप्ते परत’ अशा पॉलिसी विकल्या जातात.

एक सोपा हिशेब करू. समजा, साध्या टर्म प्लॅनचा हप्ता वर्षाला १२,००० रुपये आहे आणि तेवढ्याच संरक्षणाच्या ‘पैसे परत’ पॉलिसीचा २२,००० रुपये. मुदत ३० वर्षं. मुदत संपल्यावर दुसरी पॉलिसी २२,००० गुणिले ३०, म्हणजे ६ लाख ६० हजार रुपये परत देईल. आता साधा प्लॅन घेऊन उरलेले १०,००० रुपये दर वर्षाच्या सुरुवातीला ७ टक्के व्याजानं गुंतवले, तर ३० वर्षांनी सुमारे १० लाख १० हजार रुपये होतात. ‘काहीच परत नाही’ या तीन शब्दांच्या भीतीपोटी साडेतीन लाखांवर पाणी सोडावं लागतं.

दुकानातही हेच चालतं. रोख देणाऱ्याला एक दर आणि कार्डानं देणाऱ्याला जास्त दर असेल, तर त्या फरकाला ‘कार्डावरचा जादा आकार’ म्हणता येतं किंवा ‘रोखीवरची सवलत’. अमेरिकेत क्रेडिट कार्ड कंपन्यांचा आग्रह दुसऱ्या शब्दासाठी होता, हे अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांनी १९८० मध्येच दाखवून दिलं. सवलत हुकली तर माणूस खांदे उडवतो. जादा आकार लागला तर चिडतो.

७. यातून सुटका आहे का?

आहे, आणि ती फार अवघड नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रकल्पात सहाशे माणसांचा प्रश्न ३६ ठिकाणच्या गटांना पुन्हा विचारला गेला. परिणाम पुन्हा दिसला, पण मूळ अभ्यासापेक्षा लहान. इतर प्रयोगांत असंही दिसलं की ‘२०० वाचतील आणि ४०० मरतील’ असं पूर्ण वाक्य दिलं की मांडणीचा परिणाम बराच ओसरतो. म्हणजे दोष केवळ आपल्या मनात नसतो, अर्ध्या वाक्यातही असतो. उरलेलं अर्धं वाक्य मागून घेणं एवढंच आपलं काम. त्यासाठी चार प्रश्न पुरेसे आहेत :

१. याची दुसरी बाजू काय? ‘नव्वद वाचतात’ ऐकलं की ‘दहा जातात’ हे स्वतःशी मोठ्यानं म्हणा, आणि उलट. पारडी बदलूनही निर्णय तोच राहिला, तर तो भरवशाचा.

२. कितीपैकी किती? टक्के आणि पट सोडून शंभरात किंवा हजारात किती माणसं, ते विचारा.

३. हे केलं नाही तर काय? औषध न घेण्याचाही धोका असतो, लस न घेण्याचाही. दोन्ही आकडे शेजारी ठेवा.

४. किती काळात? ऑपरेशनच्या दिवशीचा धोका आणि पाच वर्षांतला धोका वेगवेगळे मोजा.

हे चार प्रश्न विचारणं हा डॉक्टरांवर अविश्वास दाखवणं नव्हे. चांगल्या डॉक्टरांना असा नातेवाईक आवडतो, कारण त्यानं दिलेली संमती खरी असते. आणि ज्यांच्या शब्दांवर इतरांचे निर्णय अवलंबून आहेत, त्या डॉक्टरांनी, पत्रकारांनी आणि विमा प्रतिनिधींनी आकड्याच्या दोन्ही बाजू आपणहून सांगायला हव्यात. एकच बाजू सांगून मिळवलेला होकार हा पूर्ण होकार नसतो. पुढच्या वेळी कुणी तुमच्यासमोर धोक्याचा आकडा ठेवला, तर सही करण्याआधी पाच मिनिटं मागून घ्या आणि हे चार प्रश्न कागदावर लिहून त्यांची उत्तरं मिळवा.